फ्लॉवरचा भात : कृती आणि हिशेब

रक्तातील साखर वाढली किंवा वजनाचा काटा पुढे सरकला, की डॉक्टरांकडून हमखास मिळणारी सूचना म्हणजे 'भात कमी करा'. वरण-भात, तूप आणि लिंबाच्या फोडीवाचून ज्या घरात जेवण पुरे होत नाही, तिथे ही सूचना पाळणे औषध घेण्याहून अवघड ठरते. त्यावरचा एक उपाय म्हणून अलीकडे शहरी स्वयंपाकघरांत किसलेल्या फ्लॉवरचा 'भात' शिजू लागला आहे. तो घरी नीट कसा करावा, त्यातून नेमके काय साधते आणि तो कोणी जपून खावा, याविषयी...

प्रश्न भाताचा नव्हे, ढिगाचा

कोकण आणि गोव्यात भात हेच मुख्य अन्न. भंडारा-गोंदिया हा तर तलावांचा आणि धानाचा प्रदेश. मावळातील इंद्रायणी आणि आंबेमोहोर यांच्या वासाची ओढ पुणे-मुंबईकरांना आजही आहे. शेतात राबणाऱ्या माणसाने भाताचा मोठा घास घ्यावा आणि तो दिवसभराच्या कष्टांत जिरवावा, अशी ही आहारपद्धती होती. लोकलमध्ये दोन तास आणि खुर्चीत नऊ तास घालवणाऱ्या माणसाच्या ताटात मात्र भाताचा ढीग तेवढाच राहिला आणि कष्ट नाहीसे झाले.

त्याचे परिणाम आकड्यांत दिसतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार, २०२१ मध्ये देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह होता, तर आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. याच पाहणीवर आधारित २०२५ मधील अभ्यासात भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येत असल्याचे आढळले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुधारित आहार मार्गदर्शिका काढली. त्यात धान्यांतून मिळणारे उष्मांक ४५ टक्क्यांच्या आत ठेवावेत आणि भाज्या-फळांनी निम्मे ताट व्यापावे, असे सुचवले आहे. फ्लॉवरचा भात ही याच सूचनेची एक घरगुती अंमलबजावणी म्हणता येईल. त्यात धान्याची जागा भाजी घेते.

साहेबाची भाजी, अमेरिकेची कल्पना

फ्लॉवर किंवा फुलकोबी ही मूळची भारतीय भाजी नव्हे. १८२२ मध्ये इंग्लंडमधून तिचे बियाणे सहारनपूरच्या कंपनी बागेत आणले गेले, अशी नोंद आहे. पुढे उष्ण हवेत टिकणारे वाण इथेच तयार झाले आणि ही साहेबाची भाजी हां हां म्हणता घरोघरी पोहोचली. आज फ्लॉवरच्या उत्पादनात चीनच्या पाठोपाठ भारताचा क्रमांक लागतो.

ती किसून भातासारखी शिजवण्याची कल्पना मात्र अमेरिकेतील, कर्बोदके टाळणाऱ्या आहारपद्धतींतून लोकप्रिय झाली. तिथे गेल्या दशकात किसलेल्या फ्लॉवरची गोठवलेली पाकिटे इतकी खपू लागली, की भात उत्पादकांनी 'राइस' या शब्दालाच हरकत घेतली. तांदळाच्या उत्पादनात अमेरिकेत आघाडीवर असलेल्या अर्कान्सास राज्याने २०१९ मध्ये कायदा करून तांदूळ नसलेल्या पदार्थाच्या वेष्टनावर हा शब्द छापण्यास मनाई केली. मराठीत तांदूळ वेगळा आणि भात वेगळा असल्याने असा वाद उद्भवण्याचे कारण नाही. तरीही फ्लॉवरचा भात हा केवळ नावापुरता भात आहे, हे प्रारंभीच ध्यानात घेतलेले बरे. तो दिसतो भातासारखा, मसाल्याची चव धरतो भातासारखी, पण त्यात पिष्ट फारच थोडे असते. त्यामुळे त्याला चिकटपणा नसतो आणि भाताने येणारी तृप्तीही तशीच येत नाही.

उष्मांकांचा हिशेब

शंभर ग्रॅम शिजलेल्या पांढऱ्या भातात सुमारे १३० कॅलरी आणि २८ ग्रॅम कर्बोदके असतात. तेवढ्याच कच्च्या फ्लॉवरमध्ये सुमारे २५ कॅलरी आणि ५ ग्रॅम कर्बोदके. फ्लॉवरमध्ये तंतुमय पदार्थ सुमारे २ ग्रॅम, तर पांढऱ्या भातात अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. शिवाय फ्लॉवरमधून 'क' जीवनसत्त्व मिळते. शंभर ग्रॅम कच्च्या फ्लॉवरमध्ये ते जवळपास ४८ मिलिग्रॅम असते. शिजवताना त्यातील काही भाग नष्ट होतो, हे खरे. म्हणूनच तो पाण्यात उकळू नये आणि फार वेळ आचेवर ठेवू नये.

एका माणसाचा दीडशे ग्रॅम भात धरला, तर १९५ कॅलरी होतात. तेवढ्याच फ्लॉवरचे सुमारे ३७ आणि फोडणीच्या अर्ध्या चमचा तेलाचे २०, असे मिळून ६० च्या आत भागते. एका जेवणात सुमारे १३५ कॅलरींची बचत होते.

पण खरी मेख इथेच आहे. फ्लॉवर कोरडा लागतो म्हणून चार माणसांच्या कढईत चार मोठे चमचे तेल आणि मूठभर शेंगदाणे पडले, तर माणशी तेलाचे १२० आणि दाण्यांचे ५५-६० उष्मांक वाढतात. एकूण बेरीज दोनशेच्या पुढे जाते, म्हणजे साध्या भातापेक्षाही अधिक. तांदळाऐवजी फ्लॉवर आणि वर तेलाची धार, हा सौदा तोट्याचा. कर्बोदके कमी झाली तरी वजन कमी होण्याची आशा मग बाळगू नये.

गड्डा कसा निवडावा?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा फ्लॉवरचा खरा हंगाम. या काळातील गड्डे घट्ट, पांढरे आणि स्वस्त असतात. पावसाळ्यातील फ्लॉवर महाग तर असतोच, शिवाय त्यात पाणी अधिक असल्याने किसल्यावर त्याचा लगदा लवकर होतो.

गड्डा हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागावा. तुरे एकमेकांना घट्ट चिकटलेले असावेत. पिवळट पडलेला, सैल सुटलेला किंवा काळे ठिपके असलेला गड्डा टाळावा. भोवतालची पाने हिरवी आणि ताठ असतील, तर भाजी ताजी आहे असे समजावे. कोवळी पाने फेकू नयेत. ती बारीक चिरून, पीठ पेरून त्यांची चांगली भाजी होते.

कृती

साहित्य (चार जणांसाठी) : पाने काढलेला फ्लॉवर ६०० ग्रॅम, तेल २ चहाचे चमचे, जिरे अर्धा चमचा, चवीपुरते मीठ, अर्ध्या लिंबाचा रस, कोथिंबीर.

१. फ्लॉवरचे मोठे तुरे काढावेत. कोमट पाण्यात मीठ आणि चिमूटभर हळद घालून त्यात ते दहा मिनिटे बुडवून ठेवावेत. तुऱ्यांत लपलेल्या अळ्या आणि किडे यामुळे बाहेर पडतात. नंतर स्वच्छ पाण्याने धुवावेत. किसल्यानंतर फ्लॉवर धुणे शक्य नसते, त्यामुळे ही पायरी आधीच उरकावी.

२. तुरे निथळून कोरड्या पंचावर पसरावेत आणि पंख्याखाली तासभर सुकू द्यावेत. सकाळी घाई असेल, तर रात्रीच धुऊन ठेवणे सोयीचे. हा भात बिघडतो तो बहुतेक वेळा या पायरीत केलेल्या आळसामुळे. ओला फ्लॉवर परतला जात नाही, तो वाफेवर शिजतो आणि त्याचा लगदा होतो.

३. किसणीच्या मोठ्या छिद्रांच्या बाजूने तुरे किसावेत. देठाचा कोवळा भागही किसून घ्यावा. मिक्सर वापरायचा असेल तर भांडे निम्मेच भरावे आणि बटण उलट दिशेने क्षणभर फिरवून सोडावे. असे चार-पाच वेळा केले की तांदळाच्या कण्यांएवढे दाणे होतात. मिक्सर सलग चालवल्यास चटणी होते. दोरी ओढून चालणारा चॉपरही या कामास उत्तम.

४. कीस ओलसर वाटल्यास मलमलच्या फडक्यात घेऊन हलक्या हाताने पिळावा. फार जोर लावण्याची गरज नाही.

५. पसरट कढई किंवा पॅन चांगले तापवावे. तेल घालून जिरे तडतडू द्यावेत. मग कीस घालून पसरावा आणि मध्यम ते मोठ्या आचेवर पाच-सहा मिनिटे परतावा. झाकण ठेवू नये आणि पाण्याचा थेंबही घालू नये. कढई लहान असेल तर कीस दोन हप्त्यांत परतावा. थर जाड झाला की खालचा कीस भाजतो आणि वरचा घामेजतो.

६. दाणा मऊ झाला पण दाताखाली किंचित लागतो, अशा अवस्थेत आच बंद करावी. मीठ आता घालावे. आधी घातल्यास फ्लॉवरला पाणी सुटते. वरून लिंबू पिळावे, कोथिंबीर भुरभुरावी आणि लगेच वाढावे.

मायक्रोवेव्ह असल्यास तेलाशिवायही हा भात होतो. दोन-तीन वाट्या कीस काचेच्या पसरट भांड्यात, झाकण न ठेवता, पाणी न घालता तीन-चार मिनिटे ठेवावा आणि मध्ये एकदा हलवावा. प्रेशर कुकर मात्र या कामासाठी अजिबात वापरू नये.

कोबीसारखा वास का येतो?

फ्लॉवर कोबीच्या कुळातला आहे. या कुळातील भाज्यांत गंधकयुक्त द्रव्ये असतात. भाजी फार वेळ शिजली, विशेषतः झाकून शिजली, की ती द्रव्ये फुटून उग्र वास सुटतो. मोठी आच, उघडी कढई आणि थोडा वेळ हाच त्यावरचा उपाय. आले, कढीपत्ता, हिंग आणि लिंबू यांनीही हा वास बराच झाकला जातो.

कशात शोभतो, कशात फसतो

ज्या प्रकारांत भाताला फोडणी आणि मसाल्याची जोड असते, तिथे फ्लॉवर चांगला निभावून नेतो. लिंबूभाताच्या धर्तीवर मोहरी, उडीद डाळ, कढीपत्ता आणि हळदीची फोडणी दिल्यास डब्यात नेण्याजोगा पदार्थ होतो. मसालेभाताची चव हवी असेल तर तोंडली आणि मटार आधी वेगळे शिजवून घ्यावेत, गोडा मसाला तेलात क्षणभर परतावा आणि कीस शेवटी घालावा. कांदा, ढोबळी मिरची, गाजर आणि अंडे घालून केलेला फोडणीचा भात तर अनेकांना ओळखूही येत नाही. गार झालेल्या फ्लॉवरमध्ये दही कालवून वर मिरची-हिंगाची फोडणी दिली तर दहीभाताची हौस भागते.

वरणाबरोबर मात्र अडचण येते. भात वरण शोषून घेतो, फ्लॉवर घेत नाही. पातळ वरण ताटात वाहते आणि खाली दाणे कोरडेच राहतात. म्हणून वरण, आमटी किंवा डाळ नेहमीपेक्षा घट्ट ठेवावी. मऊ खिचडी, पेज, दमाची बिर्याणी, साखरभात, नारळीभात यांच्या वाटेला न गेलेलेच बरे. या पदार्थांचा जीव तांदळाच्या पिष्टात असतो. फ्लॉवरने ती जागा भरून निघत नाही.

निम्मे-निम्मे हाच सुवर्णमध्य

पन्नास वर्षे भात खाल्लेल्या माणसाच्या ताटात एके दिवशी फक्त फ्लॉवर वाढला, तर तो ताटावरून उठण्याची शक्यताच अधिक. त्यापेक्षा शिजवलेला मोकळा भात आणि परतलेला फ्लॉवर समप्रमाणात एकत्र करावा. पंचाहत्तर ग्रॅम भात आणि तेवढाच फ्लॉवर घेतला, तर थोडेसे तेल धरूनही सुमारे १३० कॅलरी होतात. म्हणजे नेहमीच्या भातापेक्षा एक तृतीयांश कमी. कर्बोदकेही ४२ ग्रॅमवरून २५ ग्रॅमच्या आसपास येतात. वाढीचा आकार तोच राहतो, भाताचा वास राहतो आणि वरणही थोडेफार मुरते. घरातील ज्येष्ठांसाठी सुरुवातीला तीन भाग भात आणि एक भाग फ्लॉवर घेऊन पुढे प्रमाण हळूहळू बदलणे हाच व्यवहार्य मार्ग. रोज पाळता येईल असा निम्मा बदल आठवडाभरात सोडून दिलेल्या पूर्ण बदलापेक्षा हिताचा.

भाताला पर्याय म्हणून वरी, राळे, ज्वारीच्या कण्या किंवा हातसडीचा तांदूळ यांचीही नावे घेतली जातात. त्यांतील अनेकांत तंतुमय पदार्थ अधिक असतात, ही जमेची बाजू. पण ती सारी धान्येच आहेत आणि त्यांचे उष्मांक जवळपास तांदळाइतकेच असतात. उपवासाला भगर भरपेट खाऊन 'आज भात टाळला' असे समाधान मानणाऱ्यांनी हे विसरू नये.

ताटात आणखी काय हवे?

वरण-भात हे केवळ सवयीचे जेवण नाही. तांदळातील प्रथिनांत जे अमिनो आम्ल कमी पडते ते डाळीत मुबलक असते आणि डाळीतील उणीव तांदूळ भरून काढतो. फ्लॉवरमध्ये प्रथिने थोडी, शंभर ग्रॅममागे सुमारे दोन ग्रॅम. भात काढून फ्लॉवर आणला, तर उसळ, घट्ट डाळ, दही, पनीर, अंडी किंवा मासे यांचे प्रमाण वाढवायला हवे. ते न केल्यास दोन तासांत पुन्हा भूक लागते आणि चहाबरोबर बिस्किटे किंवा फरसाण पोटात जाते. दुपारी वाचवलेल्या १३५ कॅलरी संध्याकाळी दामदुप्पट वसूल होतात.

यांनी जपून

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी ही सूचना सर्वांत आधी वाचावी. औषधाची मात्रा जेवणातील कर्बोदके गृहीत धरून ठरवलेली असते. औषध तेवढेच ठेवून भात अचानक बंद केला, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. हातापायांना कंप, दरदरून घाम, धडधड, चक्कर किंवा गोंधळलेपणा जाणवल्यास ताबडतोब साखर किंवा ग्लुकोज घ्यावे. भात कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे आणि काही दिवस घरच्या यंत्रावर साखर तपासत राहावे.

ज्यांना पोटात वायू धरण्याचा किंवा आतड्याच्या संवेदनशीलतेचा त्रास आहे, त्यांनी थोड्या प्रमाणात सुरुवात करावी. फ्लॉवरमधील काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. त्या मोठ्या आतड्यात आंबतात आणि पोट फुगते. थायरॉइडच्या रुग्णांना कोबीवर्गीय भाज्यांची धास्ती वाटते. तथापि शिजवलेला फ्लॉवर बेताने खाण्यास आणि आयोडीनयुक्त मीठ वापरात असताना सहसा अडचण नसते. कच्चा फ्लॉवर रोज मोठ्या प्रमाणात खाणे मात्र टाळावे. मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियमवर बंधन असते. अशा रुग्णांनी आहारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच प्रमाण ठरवावे.

वाढत्या वयाची मुले, गर्भवती, स्तनदा माता, आजारातून उठलेली आणि मुळातच कृश असलेली माणसे यांच्यासाठी हा पदार्थ भाताला पर्याय नाही. त्यांना उष्मांकांची गरज असते. त्यांच्या ताटात फ्लॉवर भाजी म्हणून जरूर असावा, पण भात त्याच्या जागी राहू द्यावा.

साठवण आणि खर्च

कच्चा कीस हवाबंद डब्यात, तळाशी कोरडे फडके घालून शीतकपाटात दोन-तीन दिवस टिकतो. डबा घट्ट बंद नसेल, तर वास दुधालाही लागतो. हंगामात स्वस्त मिळालेला फ्लॉवर किसून, एकेका जेवणाच्या पुड्या करून फ्रीजरमध्ये महिनाभर ठेवता येतो. अशी पुडी वितळू न देता थेट तापलेल्या कढईत टाकावी. शिजवलेला भात एक-दोन दिवसांत संपवावा.

खर्चाची बाजूही पाहायला हवी. शंभर ग्रॅम तांदूळ शिजून जवळपास पावणेतीनशे ते तीनशे ग्रॅम होतो, तर फ्लॉवर परतल्यावर आटतो. शिवाय पाने आणि जाड देठ वजा जातात. त्यामुळे किलोचा भाव तांदळापेक्षा कमी दिसला तरी ताटामागचा खर्च अधिक पडू शकतो. हंगामात आठवड्यातून दोन-तीन वेळा आणि एरवी कधीमधी, असा बेत बहुतेक घरांना परवडण्याजोगा आहे. फ्लॉवर महाग असेल तेव्हा किसलेला कोबीही याच पद्धतीने परतून निम्म्या भातात मिसळता येतो.

थोडक्यात

- तुरे धुऊन पूर्ण कोरडे केल्यावरच किसावेत.
- झाकण नको, पाणी नको, मीठ शेवटी.
- चार माणसांना दोन चहाचे चमचे तेल पुरे. दाणे, काजू, खोबरे मोजून घालावे.
- वरण घट्ट ठेवावे आणि सोबत उसळ, दही किंवा अंडे असावे.
- सुरुवात निम्म्या भाताने करावी.
- मधुमेहाची औषधे सुरू असल्यास डॉक्टरांना विचारल्याखेरीज भात बंद करू नये.

फ्लॉवरने भाताची बरोबरी करावी, अशी अपेक्षा धरली तर निराशा ठरलेली. ताटातील भाताचा ढीग निम्म्यावर आणण्याचे एक साधन म्हणून पाहिले, तर ही भाजी आपले काम चोख बजावते. उरलेल्या निम्म्या भातावर चमचाभर साजूक तूप आणि लिंबाची फोड असायला मग कोणाचीच हरकत नसावी. फक्त त्या चमचाभर तुपाच्या ४५ कॅलरी हिशेबात धरायला विसरू नये.